नकाशाचीही साक्ष असते

गेल्या हिवाळ्यात गिरडजवळच्या एका गावी नात्यातला निकाह होता. वर्ध्याहून आम्ही पाच जण भाच्याच्या नव्या गाडीने निघालो. हैदराबाद महामार्गाला लागल्यावर भाचा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "खाला, बघा. मी स्टिअरिंग जरा सैल सोडतो. गाडी लेन सोडून जायला लागली की आपणच सावरून घेते." आणि खरेच, गाडी पांढऱ्या पट्टीजवळ जायला लागली की चाक हलकेच वळे आणि गाडी परत मधोमध येई. अम्मींनी मागच्या सीटवर "माशाअल्लाह" म्हटले, पण दरवाजाची मूठ काही सोडली नाही.

समुद्रपूर मागे टाकल्यावर फोनमधल्या नकाशाने डावीकडे वळायला सांगितले. वळलो. डांबर संपले, मुरूम संपला, मग काळी माती सुरू झाली. गव्हाच्या ओलिताचे पाणी वाटेवर आले होते. पुढची चाके रुतली आणि शहाणी गाडी तिथेच बसली. शेजारच्या शेतातला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधता बांधता तो म्हणाला, "ही पांदण आहे जी, सडक नाही. तुमच्या फोनला कोण सांगते हे?"

आम्ही पोहोचलो तेव्हा निकाह होऊन गेला होता, जेवणाची दुसरी पंगत बसली होती. पण त्या शेतकऱ्याचा प्रश्न आमच्या मनात राहिला. फोनला हे कोण सांगते? आणि उद्या गाड्या आपल्या आपण चालू लागल्या, तर त्यांना कोण सांगणार?

दोन नकाशे, दोन कामे

त्या दिवशी आमच्या गाडीला लेन कळत होती, पण ही वाट चालण्याजोगी आहे की नाही हे कळत नव्हते. फोनला वाट माहीत होती, पण तो लेनच्या बाबतीत आंधळा होता. स्वयंचलित गाडीला ही दोन्ही ज्ञाने एकत्र लागतात, आणि ती दोन वेगळ्या नकाशांतून येतात.

पहिला नकाशा म्हणजे आपल्या ओळखीचा, रस्त्यांचा. त्याचा सर्वांत मोठा खुला नमुना म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. विकिपीडियात जसे कुणीही लेख लिहितो, तसे यात कुणीही आपल्या गावचा रस्ता, विहीर, शाळा, मशीद, दवाखाना नोंदवू शकतो. यात रस्ता म्हणजे एक रेघ. त्या रेघेला चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: नाव काय, डांबरी की कच्चा, एकेरी की दुहेरी, वेगमर्यादा किती, लेन किती. वर्ध्याहून आर्वीला कसे जायचे हे सांगायला एवढे पुरते.

दुसरा नकाशा लेनचा. वर्तमानपत्रे लेनला 'मार्गिका' म्हणतात. या नकाशात रस्ता एक रेघ नसतो. प्रत्येक लेनची डावी कड आणि उजवी कड वेगळी आखलेली असते. कोणत्या लेनमधून कोणत्या लेनमध्ये जाता येते, कुठे थांबायचे, कोणता सिग्नल कोणत्या लेनसाठी आहे, हे सगळे त्यात असते, आणि तेही साधारण दहा-वीस सेंटिमीटरच्या अचूकतेने.

एवढी अचूकता कशाला? साधा हिशेब करू. आपल्याकडे महामार्गाची एक लेन सुमारे साडेतीन मीटर रुंद असते. गाडीची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास. गाडी अगदी मधोमध असली तरी दोन्ही बाजूंना मीटरभरही जागा उरत नाही. आणि फोनचे जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर चुकू शकते. म्हणजे फोनच्या भरवशावर गाडी सोडली, तर ती आपल्या लेनमध्ये आहे की समोरून येणाऱ्या ट्रकच्या लेनमध्ये, हेच तिला ठरवता येणार नाही.

कापड आणि अस्तर

मग हे दोन नकाशे जोडायचे कसे? घरात शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे चटकन समजेल. कापडाला अस्तर लावताना आपण आधी कोपरे जुळवतो, कच्चे टाके घालतो, सुरकुती कुठे पडते ते पाहतो आणि मगच मशीन चालवतो. नकाशांचेही तसेच. एकाच रस्त्याची रेघ दोन नकाशांत दोन-चार मीटर इकडेतिकडे असते. म्हणून आधी चौक जुळवायचे. जामचा चौक दोन्ही नकाशांत आहे, तो झाला एक पक्का कोपरा. असे अनेक कोपरे बसले की मधल्या वळणांचे आकार ताडून पाहायचे. मग पहिल्या नकाशातल्या प्रत्येक रेघेला दुसऱ्या नकाशातल्या तिच्या लेनी बांधायच्या. गाडी वाट पहिल्यावरून ठरवते आणि चाक दुसऱ्यावरून फिरवते.

खरी परीक्षा दोघांचे पटत नाही तिथे होते. लेनचा नकाशा गेल्या वर्षी मोजलेला आणि उड्डाणपूल यंदा झालेला. खुल्या नकाशात गावातल्या एखाद्या मुलाने पूल नोंदवलाही, पण लेनच्या नकाशात अजून जुनाच रस्ता आहे. अशा वेळी शहाण्या यंत्राने कोणावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वेग कमी करावा, कॅमेऱ्याने पाहावे आणि चाक माणसाच्या हाती द्यावे.

जर्मनीत २०१३ च्या ऑगस्टमध्ये मर्सिडीजची एक गाडी मॅनहाइमहून फोर्झाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गावांतून, शहरांतून आपल्या आपण चालली. सुरक्षेसाठी माणूस आत होताच. ही वाट मुद्दाम निवडलेली. १८८८ साली याच वाटेने बेर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन माहेरी गेली होती. मोटारीने केलेला तो जगातला पहिला लांबचा प्रवास मानला जातो. २०१३ च्या गाडीसाठी लेनचा जो नकाशा केला, तो ओपनस्ट्रीटमॅपच्याच धाटणीच्या फाइलीत साठवला होता आणि त्याच्याच मोफत साधनांनी दुरुस्त करता येत होता. पुढे २०१८ मध्ये कार्ल्सरूहच्या संशोधकांनी या पद्धतीची सुधारित आवृत्ती 'लेनलेट-२' नावाने सर्वांसाठी खुली केली. जपानमध्ये सुरू झालेली 'ऑटोवेअर' ही स्वयंचलित वाहनांची खुली प्रणाली आज तीच पद्धत वापरते.

हिंगणघाटची कबर

हे सगळे परदेशातले वाटेल. पण अचूक मोजणीच्या इतिहासाचे एक पान आपल्याच जिल्ह्यात पुरलेले आहे. १८०२ साली मद्रासेत विल्यम लॅम्बटन यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचे मोजयंत्र माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर, मंदिरांच्या गोपुरांवर चढवत ते वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिले. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांची कबर तिथेच आहे.

त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. त्या मोजणीची नाजूक यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांत एक नाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे: अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसैन. मद्रासेत जवाहिऱ्याच्या दुकानात काम करणारा हा कारागीर आपल्या हातच्या कसबावर सर्वेक्षण खात्याचा उपकरणकार झाला. ती मोजणी परक्या सत्तेने आपल्या राज्यासाठी केली हे खरेच. तिची अचूकता मात्र इथल्या हमालांच्या खांद्यांवर आणि कारागिरांच्या बोटांवर उभी राहिली.

आज नकाशा कोणी करायचा याचे नियम बदलले आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशांविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आडव्या मापात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांहून अधिक बारीक नकाशे तयार करण्याचे काम त्यांनुसार भारतीय संस्थांकडेच राहील. लेनचा नकाशा सेंटिमीटरचा, म्हणजे तो याच कक्षेत येतो. मग आपल्या रस्त्यांच्या लेनी आपल्याच माणसांनी मोजायच्या आहेत.

सोयाबीन, समृद्धी आणि कच्ची कड

समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. असा बंदिस्त, आखीव रस्ता यंत्राला सोपा. खरी कसोटी येळाकेळीला खाली उतरल्यावर सुरू होते.

लेनचा नकाशा म्हणतो, इथे दोन लेनी आहेत. पण दिवाळीच्या आगेमागे त्यांतल्या अर्ध्या लेनीत सोयाबीन वाळत घातलेले असते, दोन्ही बाजूंना दगड ठेवून. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजाराकडे जाणारी ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, तिची रुंदी कोणत्याच चिठ्ठीत लिहिलेली नसते. पोळ्याला बैल रस्त्यावर, आठवडी बाजारी भाजीवाल्या रस्त्यावर. पांढरी पट्टी तर एका पावसाळ्यात पुसून जाते.

हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी ओळखले आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची सुमारे १०,००० छायाचित्रे बारकाईने खुणा करून अभ्यासकांना उपलब्ध केली. तीत ऑटोरिक्षा आहे, जनावरे आहेत, आणि डांबराच्या बाजूची 'प्रसंगी गाडी घालता येईल अशी' कच्ची कडही वेगळी नोंदवलेली आहे. आपल्या शेजारी नागपुरात २०२१ पासून 'आयरास्ते' हा प्रकल्प आहे. महापालिकेच्या बसगाड्यांत चालकाला सावध करणारी यंत्रे बसवली. यंत्र कुठे वारंवार धोक्याचा इशारा देते, ते नकाशावर टिपायचे आणि अपघात होण्याआधीच ती जागा दुरुस्त करायची, असा त्यामागचा विचार. यातही चालक आपल्या जागेवरच आहे. यंत्र आणि नकाशा त्याच्या मदतीला आहेत.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ प्रवासी गेले. त्यांत वर्ध्याचेही होते. नकाशा असता तर ते वाचले असते असे आम्ही म्हणणार नाही, तो त्या घरांच्या दुःखाचा अपमान होईल. पण त्या दिवसानंतर रस्त्याविषयीची कोणतीही माहिती आम्हाला किरकोळ वाटत नाही.

कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले

शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. फोनला हे कोण सांगते?

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. हदीस स्वीकारताना विद्वान आधी इस्नाद पाहत: हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो माणूस विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तपासून घ्या, ही शिकवण सूरह अल-हुजुरातमध्येच आहे.

नकाशातही हे झालेले आहे. बाराव्या शतकात अल-इद्रीसी सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारी होते. प्रवासी, व्यापारी, खलाशी यांना विचारत, त्यांची सांगणी एकमेकांशी ताडून पाहत, पटेल ते ठेवत आणि विसंगत ते सोडत त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काम केले. ११५४ मध्ये त्यांचा ग्रंथ पूर्ण झाला, त्यात ७० नकाशे होते. अनेक सामान्य माणसांच्या साक्षींतून एक भरवशाचा नकाशा, हेच आज ओपनस्ट्रीटमॅप करतो.

आणि त्यालाही एक प्रकारची इस्नाद आहे. प्रत्येक रेघेमागे ती कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी काढली, नंतर कोणी बदलली, हा सगळा इतिहास उघडून पाहता येतो. चूक दिसली तर ती दुरुस्त करता येते. कंपनीच्या बंद नकाशात आपल्याला फक्त निकाल दिसतो, साक्षीदार दिसत नाहीत.

या खुल्या माहितीला एक अटही आहे. ती कुणीही वापरावी, विकावीसुद्धा, पण योगदान देणाऱ्यांचा उल्लेख करावा. आणि तिच्यात भर घालून नवा माहितीसाठा लोकांसमोर आणला, तर तोही त्याच अटीवर खुला ठेवावा. म्हणूनच गाडी बनवणाऱ्या कंपन्या खुला नकाशा आणि आपला लेनचा नकाशा एकत्र मिसळायला बिचकतात. अनेकदा त्या दोन्ही थर वेगळे ठेवून फक्त एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या खुणा ठेवतात. आम्हाला ही अट रास्त वाटते. गावाच्या विहिरीचे पाणी कुणीही प्यावे, पण विहिरीला कुलूप लावू नये.

चालकाचा घास

या विषयावर बोलताना एक काळजी आम्ही लपवणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत किती घरे चालकाच्या पगारावर चालतात हे आपण जाणतो. ट्रक, काळीपिवळी, ऑटो, रुग्णवाहिका. गाडी आपल्या आपण चालली तर या घरांचे काय? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगितले होते की चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. ते किती काळ टिकेल हे अल्लाहच जाणे. पण लेन सांभाळणाऱ्या, आपणहून ब्रेक लावणाऱ्या गाड्या आजच आल्या आहेत, हे आम्ही भाच्याच्या गाडीत पाहिले.

म्हणून मुलांना दोन्ही शिकवू. ज्याला रस्त्याचा अनुभव आहे आणि नकाशाही कळतो, त्याची गरज लवकर संपणार नाही. लेन मोजायला, खुणा तपासायला, चूक पकडायला माणसेच लागतात. वीस वर्षे चंद्रपूर–नागपूर ट्रक चालवलेल्या माणसाला कोणत्या वळणावर पाणी साचते हे जितके ठाऊक असते, तितके उपग्रहाला नसते.

घरातून काय करता येईल

निकाहानंतरच्या आठवड्यात आम्ही नववीच्या मुला-मुलींसमोर हाच किस्सा सांगितला. मग शाळेभोवतीचा अर्धा किलोमीटर नोंदवायचे ठरले. खाते उघडणे मोफत आहे. 'स्ट्रीटकम्प्लीट' हे ॲप रस्त्यावर उभे असताना छोटे छोटे प्रश्न विचारते: हा रस्ता डांबरी आहे का? लेन किती? एकेरी आहे का? तीन शनिवारांत मुलांनी एक बंद झालेली बोळ, दोन गतिरोधक आणि कब्रस्तानचे मागचे फाटक नोंदवले. त्या फाटकाचे महत्त्व एका मुलीने सांगितले: "मॅडम, जनाजा तिकडूनच नेतात. समोर गर्दी असते." मोठ्या कंपनीच्या मोटारीवरच्या कॅमेऱ्याला हे कसे कळणार? नावे आम्ही मराठीत आणि उर्दूत दोन्ही लिहिली, नकाशात दोन्हींची सोय आहे.

काही पथ्ये मात्र पाळली, तुम्हीही पाळा. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून काहीही उतरवायचे नाही, ती चोरी होते. कुणाच्या घरावर त्यात राहणाऱ्यांची नावे टाकायची नाहीत, घराचा पडदा ही अमानत आहे. आणि पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या लष्करी जागांच्या कुंपणाआतले काहीही नोंदवायचे नाही.

आम्ही ती पांदणही शोधली. खुल्या नकाशात ती सरसकट 'रस्ता' म्हणून लागली होती. कुणीतरी उपग्रहाच्या छायाचित्रावरून रेघ ओढली असणार, वाईट हेतूने नव्हे, पण न पाहता. आम्ही तिचा प्रकार बदलला: कच्ची, शेताची वाट. चार बटणे दाबायची होती. शेतकऱ्याचे नाव तिथे लिहिता येत नाही, पण ती साक्ष त्याचीच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करण्यालाही ईमानचा एक भाग म्हटले. पूर्वी तो काटा होता, दगड होता. आज एक चुकीची रेघही काट्याइतकीच रुतू शकते. आज ती एका घरचा निकाह चुकवेल. उद्या माणसाचा हात चाकावर नसेल तेव्हा ती काय करील, हे सांगायला नको. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत चालून या, फोन हातात धरा आणि दिसेल तेच लिहा. अल्लाह आपल्याला खरी साक्ष देणाऱ्यांत ठेवो. आमीन.